घरचं किती, दारचं किती : चरित्रलेखनाबद्दल वाचकांचे प्रश्न

माळव्यातल्या मराठी कलावंतांची, शिक्षकांची, खेळाडूंची चरित्रं विकिपीडियावर किंवा आपापल्या संस्थेच्या संकेतस्थळावर लिहा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. बऱ्याच जणांनी लिहायला घेतलं आणि बहुतेक सगळे एकाच उंबऱ्याशी अडखळले. कामाचं लिहून झालं, आता घरातलं किती लिहायचं? पत्रं लांबलचक होती, त्यांतला गाभा ठेवून छापतो आहोत. काहींनी ‘नाव छापू नका’ असं लिहिलं होतं. विषयच असा आहे, म्हणून मग कुणाचंच छापलं नाही.

“आमच्या भागातले एक गायक-अभिनेते काही वर्षांपूर्वी गेले. त्यांचं पान लिहितो आहे. हाताशी अमृतमहोत्सवाचा गौरव अंक आहे, कात्रणं आहेत आणि त्यांच्या पुतण्याने तोंडी सांगितलेलं बरंच आहे. पहिलं लग्न मोडलं, मधली सहा वर्षं दारूत गेली, शेवटी यकृताचा आजार झाला. यातलं काहीही खोटं नाही. खरं असेल तर लिहायला हरकत काय?” — राजेंद्रनगर, इंदूर

खरं असणं ही आत शिरण्याची अट झाली. तेवढ्याने बसायला पाट मिळत नाही. वहीत एका ओळीवर एकच तपशील, असे सगळे उतरवून काढा आणि प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा. ही ओळ खोडली तर त्यांच्या कामाची गोष्ट कुठे लंगडते का? हे छापून आलं आहे का, आणि ते छापणारा घरचा किंवा वैरी नसून त्रयस्थ आहे का? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात : हा तपशील एकट्या त्यांचाच आहे की हयात असलेल्या आणखी कुणाचा?

आता तुमच्या ओळी घेऊ. सहा वर्षं रंगमंचावर नसणं हा कामातला तपशील आहे. नाटकांची यादी वाचणाऱ्याला ती पोकळी दिसतेच. म्हणून “या काळात त्यांनी रंगभूमीवर काम केलं नाही” हे वाक्य हवं. कारण लिहायचं ते त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं असेल किंवा विश्वासार्ह लेखात आलं असेल तरच. नसेल तर वाक्य तिथेच थांबवा. “काही वैयक्तिक कारणांमुळे” असलं शेपूट अजिबात लावू नका. ते वरवर सभ्य दिसतं, पण वाचणाऱ्याला डोळा मारतं. वाचक मग नेमकं तेच समजतो, जे तुम्ही लिहायचं टाळलं, आणि कदाचित त्याहून वाईटही.

आजारपण कधी यायलाच हवं याचं उदाहरण इंदूरहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. कुमार गंधर्वांना क्षय झाला, हवापालटासाठी ते देवासला आले, काही वर्षं गाणं बंद राहिलं. हे वगळून त्यांचं चरित्र लिहिताच येणार नाही. बेळगावकडचा, मुंबईत नाव काढलेला गायक माळव्यात का स्थिरावला, अंथरुणावर पडून कानांवर आलेल्या माळवी लोकगीतांचं पुढे काय झालं, त्यांच्या फेकीत आणि श्वासाच्या हिशेबात काय बदललं, हे सगळं त्या दुखण्याला बांधलेलं आहे. याउलट तुमच्या नटाला साठीनंतर मधुमेह होता, ही ओळ काढली तर काहीच हलत नाही. यकृताचंही तसंच. मृत्यूचं कारण घरच्यांनी जाहीर केलं असेल किंवा बातमीत आलं असेल तर एका शब्दात द्या, नाहीतर “निधन झालं” पुरे. यकृत म्हटलं की लोक दारू वाचतात. कावीळ असो, संसर्ग असो, जन्मजात दोष असो, कुणी विचारायला जात नाही.

पहिल्या लग्नाची ओळ तिसऱ्या प्रश्नाशी अडते. त्या बाई हयात असतील, त्यांचा दुसरा संसार असेल, नातवंडं असतील. नाटकात काम केलं नवऱ्याने, मग पन्नास वर्षांनी इंटरनेटवर त्यांचं नाव कशासाठी? त्या त्याच नाटकमंडळीत नायिका असत्या आणि दोघं वेगळे झाल्यावर मंडळी फुटली असती, तर गोष्ट वेगळी. तेव्हासुद्धा ‘अमुक साली मंडळी दुभंगली आणि दोघांनी स्वतंत्र संस्था काढल्या’ एवढंच लिहायचं. कोण कुणाला काय बोललं ते नाही.

पुतण्याने सांगितलेलं विकिपीडियाला चालत नाही. घरचे लबाड असतात म्हणून नव्हे, तर वाचणाऱ्याला ते पडताळता येत नाही म्हणून. पण वाया घालवू नका. त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रण करा, तारीख आणि ठिकाण सुरुवातीलाच बोलून घ्या आणि संस्थेच्या संग्रहात ठेवा. कुणी पुढे स्वतंत्र लेख लिहील, तेव्हा त्यातलं छापून येईल. गौरव अंकाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रयोगांच्या तारखा, भूमिका, सहकलाकार यांसाठी तो उत्तम. स्वभाव, वाद आणि ‘थोरवी’ यांसाठी कुचकामी, कारण तिथे सगळेच सत्काराला आलेले असतात.

उलट टोकाचं उदाहरणही इंदूरचंच. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या चरित्रातून खासगी आयुष्य गाळलं तर १९२६ चं पदत्यागाचं वाक्य हवेत लोंबकळतं. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत असलेली मुमताज बेगम आधी इंदूर दरबारी होती आणि हल्लेखोरांचे धागे इंदूरपर्यंत पोचत होते. इंग्रज सरकारने महाराजांपुढे चौकशी आयोग किंवा पदत्याग असे दोन पर्याय ठेवले आणि त्यांनी पदत्याग केला. हे सगळं यायला हवं, आणि त्याचबरोबर हेही, की खटला हल्लेखोरांवर चालला, महाराजांवर नाही. मात्र मुमताजच्या पुढच्या आयुष्याच्या वावड्या त्या पानावर कशाला? तिचं वागणं गादी हलण्याचं निमित्त झालं तेवढ्यापुरतीच ती तिथे आहे.

“मग घरच्यांची नावंच द्यायची नाहीत का? पानाच्या बाजूला असते त्या माहितीचौकटीत वडील, आई, पत्नी, अपत्ये असे रकाने आयते असतात.” — सुदामानगर, इंदूर

रकाना असतो म्हणून तो भरायचा नसतो. माहितीचौकट हा सरकारी अर्ज नव्हे, रिकाम्या रकान्याला कुणी क्वेरी काढत नाही.

ज्याचं स्वतःचं सार्वजनिक काम आहे किंवा जे नातं हेच काम आहे, त्याचं नाव द्या. ग्वाल्हेरच्या कृष्णराव शंकर पंडितांच्या चरित्रात वडील शंकरराव येतातच, कारण तालीम त्यांच्याकडून आली. घराण्यात बाप हा गुरू असतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं दत्तकविधान खासगी कसं म्हणाल? कवळाण्याच्या गोपाळला जमनाबाईंनी १८७५ मध्ये दत्तक घेतलं, त्यावरच पुढचा बडोद्याचा इतिहास उभा आहे. सुमित्राताई महाजन चिपळूणच्या, लग्न होऊन इंदूरला आल्या आणि १९८९ पासून २०१४ पर्यंत सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून गेल्या. इथे ‘लग्न होऊन इंदूरला आल्या’ हे चार शब्द कोकण आणि माळवा जोडतात, म्हणून ते हवेत. लग्नाची तारीख, मुहूर्त, कार्यालय नको.

बाकी साधी रीत : जोडीदाराचं नाव अनेक ठिकाणी छापून आलं असेल तर द्यायला हरकत नाही. अपत्यांची संख्या पुरे. अल्पवयीन मुलांची नावं, शाळा, वर्ग कधीच नाही. आईचं माहेरचं आडनाव लिहायची आपल्याकडे फार हौस, पण हयात व्यक्तीच्या पानावर ते टाळा. बँकांच्या सुरक्षा प्रश्नांमध्ये आईचं माहेरचं नाव अजूनही सापडतं, आणि त्याच पानावर जन्मतारीख आणि जन्मगावही दिलेलं असतं. भामट्याला आयतं ताट वाढल्यासारखं होतं ते.

आणि एक आपल्या शहराची खास चूक. वर्तमानपत्रातली उठावन्याची, म्हणजे निधनानंतरच्या शोकसभेची, जाहिरात संदर्भ म्हणून जोडू नका. शोकाकुल म्हणून त्यात मुलं, सुना, जावई, नातवंडं सगळी नावानिशी असतात, खाली दोन मोबाइल नंबर आणि घराचा पत्ता. जाहिरात पैसे देऊन छापलेली असते, म्हणजे त्रयस्थ नाही. ती स्कॅन करून चढवली, की तीन दिवसांसाठी दिलेला फोन नंबर कायमचा जगापुढे जातो. निधनाची बातमी शोधा. नसेल तर स्मरणसभेचं वृत्त, संस्थेचा वार्षिक अहवाल पाहा.

“जन्मतारखेचा घोळ सुटत नाही. एक निवृत्त प्राचार्य, हयात आहेत. शाळेच्या दाखल्यावर १ जुलै, घरी वाढदिवस मात्र नोव्हेंबरात. दुसरे एक कीर्तनकार, दिवंगत. त्यांच्या पुस्तिकेत फक्त शके आणि तिथी. काय लिहू?” — रामबाग, इंदूर

प्राचार्यांसाठी नुसतं वर्ष लिहा. हयात व्यक्तीची पूर्ण तारीख ती सर्वत्र छापून आलेली असेल किंवा त्यांनी स्वतः जाहीर केली असेल तरच द्यावी, शंका असेल तर वर्षावर थांबावं, हे इंग्रजी विकिपीडियाचं धोरण आहे आणि ते शहाणपणाचं आहे. दाखला, आधार, मतदार यादी यांवरून तारीख काढून लिहू नका. कागद अस्सल असला तरी तो चरित्रासाठी प्रसिद्ध झालेला नसतो. शिवाय शाळेत नाव घालताना सत्राच्या सुरुवातीची तारीख ठोकून देण्याची जुन्या मास्तरांची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे १ जुलैचे आणि महाराष्ट्रात १ जूनचे वाढदिवस इतके का, याचं उत्तर ज्योतिषात नाही. विकिडेटा या विकिपीडियाच्या सामाईक माहितीसाठ्यात तीच नोंद करताना अचूकता ‘वर्ष’ अशी निवडा. नाहीतर लेखात तुम्ही वर्ष लिहाल आणि माहितीचौकट विकिडेटावरून पूर्ण तारीख ओढून आणेल.

कीर्तनकार दिवंगत आहेत, तेव्हा तारीख काढायला हरकत नाही, पण ती काढताना चार ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या मध्यानंतर, म्हणजे जानेवारी लागल्यावर, ७९ मिळवावे लागतात. शके १८६५ चा माघ हा १९४३ चा नाही, १९४४ चा. दुसरं, पत्रिका कुणी केली ते बघा. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. म्हणून आपली माघ वद्य चतुर्दशी ही त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. महाशिवरात्र एकच, महिन्याचं नाव दुसरं. इंदूरच्या मराठी घरांत दोन्ही तऱ्हेच्या पत्रिका सापडतात आणि वद्य पक्षातल्या जन्माला त्यामुळे अख्ख्या महिन्याची चूक होते. शुद्ध पक्षात हा प्रश्न येत नाही. तिसरं, संवत दिला असेल तर गाव विचारा. इंदूरकडे संवत चैत्रात बदलतो, बडोद्याकडे कार्तिकात. चैत्र ते आश्विनच्या जन्माला एक वर्षाचा फरक पडतो. चौथं, पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. सोमवारी रात्री झोपलेल्या घरात पहाटे तीनला मूल झालं तर पत्रिकेत वार सोमवारच, कॅलेंडरवर मात्र मंगळवार. वार जुळला की तारीख बरोबर, असं समजून लोक इथेच एक दिवस चुकतात.

हे सगळं जुळलं तरी लेखात तिथी आधी आणि तारीख नंतर लिहा. म्हणजे तारीख तुम्ही काढलेली आहे, हे पुढच्याला कळेल.

“एका माजी आमदारांचं पान आहे. त्यांच्यावर जुना खटला होता. समर्थक तो उडवतात, विरोधक पुन्हा घालतात. नियम काय?” — ग्वाल्हेर

खटला खासगी नाही. लोकप्रतिनिधीचा तर नाहीच. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३ च्या निकालांनंतर उमेदवाराला स्वतःवरचे गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण शपथपत्रात जाहीर करावं लागतं. ते नमुना २६ मध्ये असतं आणि कुणालाही पाहता येतं. पण शपथपत्र समोर ठेवून पान लिहू नका. त्यात पत्नीचे दागिने, अवलंबितांची खाती, घराचा पत्ता असं पुष्कळ असतं, जे मतदाराने मत देण्याआधी पाहावं म्हणून आहे, चरित्रात ओतण्यासाठी नाही. वर्तमानपत्राने त्यातलं जे महत्त्वाचं म्हणून छापलं, तेवढं वर्षासकट घ्या : “अमुक सालच्या शपथपत्रानुसार.” वर्ष नसेल तर मालमत्तेचा आकडा निरर्थक.

खटल्याच्या पायऱ्या नीट ओळखा : गुन्हा दाखल, अटक, आरोपपत्र, आरोपनिश्चिती, निकाल, अपील. खटला ज्या पायरीवर आहे ती तारखेसह लिहायची आणि पुढची पायरी आली की तिथेच जोडायची. सर्वांत मोठं पाप म्हणजे अटकेला तीन परिच्छेद आणि निर्दोष सुटकेला अर्धी ओळ. असं पान प्रत्येक वाक्यानिशी खरं असूनही एकूण खोटं असतं. तिकडे समर्थकांना सांगा, की सुटका झाली म्हणून खटला झालाच नव्हता असं होत नाही.

तुमचे संदर्भ हिंदी वर्तमानपत्रांतून येणार, आणि तिथे शब्दांचे चकवे आहेत. “आरोप तय हुए” म्हणजे आरोप निश्चित झाले, आता खटला चालेल. मराठीत घाईने “आरोप सिद्ध झाले” लिहिलंत तर ती सरळ बदनामी झाली. “चालान पेश” म्हणजे आरोपपत्र दाखल, ट्रॅफिकचा दंड नव्हे. “राजीनामा हो गया” म्हणजे दोन पक्षांत तडजोड झाली. मराठीत तेच लिहिलं तर आमदारसाहेबांनी पद सोडलं असं होईल. आणि “उनकी शिक्षा इंदौर में हुई” याचं जे भाषांतर एरवी हसण्यावारी जातं, ते खटल्याच्या परिच्छेदाशेजारी मुळीच हसण्यासारखं राहत नाही.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली फौजदारी बदनामीत ‘हे खरं आहे’ एवढं म्हणून सुटका होत नाही, ते सांगणं लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. दिवंगत व्यक्तीबद्दलचं विधान आप्तांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलं असेल तर तेही त्याच कलमात येतं. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदीत असलेल्या गोष्टीबाबत खासगीपणाचा दावा उरत नाही, पण लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांतली पीडित स्त्री हा अपवाद. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा कलम ७२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. नाव गाळून गाव, नातं आणि शाळा लिहिली तरी ओळख पटतेच. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायाधीशांचा एकमुखी निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा. तो मुख्यतः सरकारविरुद्धच्या हक्काबद्दल आहे, पण पान लिहिताना तो मनाशी ठेवल्याने काही बिघडत नाही.

“माझ्या वडिलांच्या पानावर कुणीतरी माझ्या घटस्फोटाबद्दल लिहिलं आहे. मी शाळेत शिकवते. काढायचं कसं?” — लोकमान्यनगर, इंदूर

ताई, आधी काय करायचं नाही ते सांगतो. फेसबुकवर ‘बघा काय लिहिलंय’ म्हणून लिंक टाकू नका, ज्यांना माहीत नव्हतं तेही वाचतील. अख्खा परिच्छेद पुसू नका, तोडफोड समजून कुणीतरी तो मिनिटभरात परत आणेल. कोर्टात खेचेन अशी धमकी पानावर लिहू नका, त्याने मदत करणारेही मागे सरतात आणि इंग्रजी विकिपीडियावर तर खातंच बंद होतं.

खातं उघडा, टोपणनावानेही चालतं. ‘इतिहास पहा’ मध्ये जाऊन ते वाक्य कोणत्या संपादनात आलं ते शोधा आणि त्या आवृत्तीचा दुवा बाजूला लिहून ठेवा. मग फक्त तेवढं वाक्य काढा आणि सारांशाच्या चौकटीत लिहा : “हयात व्यक्तीचा खासगी तपशील, संदर्भ नाही.” सारांशात स्वतःचं नाव किंवा ‘घटस्फोट’ हा शब्द नको. वाक्य गेलं तरी सारांश इतिहासात तसाच राहतो, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. चर्चा पानावरही मजकूर पुन्हा उद्धृत करू नका.

पण वाक्य काढलं म्हणजे ते नाहीसं झालं असं नाही. जुनी आवृत्ती कुणालाही उघडून वाचता येते. म्हणून पुढची पायरी प्रचालकाची, म्हणजे विकिपीडियावर देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या सदस्याची : त्याच्या सदस्य पानावरच्या ‘या सदस्याला ईमेल पाठवा’ मधून दुवा द्या आणि ती आवृत्ती लपवायला सांगा. मजकुरात पत्ता किंवा फोन नंबर असेल तर प्रचालकांनाही दिसणार नाही अशा रीतीने दडवण्याचा अधिकार वेगळ्या लोकांकडे असतो, तसं स्पष्ट मागा. शोधयंत्रातला जुना उतारा आणखी काही दिवस दिसत राहील, त्याने घाबरू नका. ते वाक्य पुन्हा आलं तर स्वतः उलटवाउलटवी करत बसू नका, प्रचालकांना सांगून पान अर्धसुरक्षित करून घ्या, म्हणजे नव्या आणि निनावी लोकांना ते बदलता येणार नाही.

‘कुणीतरी बघेल आणि दुरुस्त करेल’ यावर विसंबू नका. २००५ मध्ये जॉन सायगेनथेलर या अमेरिकी पत्रकाराच्या पानावर कुणी थट्टेत लिहिलं, की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. ते सुमारे चार महिने तसंच होतं. त्यानंतर हयात व्यक्तींच्या चरित्रांचे नियम कडक झाले. इंग्रजी पानांवर लक्ष ठेवणारे हजारो आहेत. आपल्या भागातल्या मराठी माणसाचं पान कदाचित तुम्ही आणि ते वाक्य लिहिणारा, असे दोघंच बघत असाल.

“कोकणस्थ, देशस्थ, कुलदैवत, गोत्र हे लिहावं का? घरचे आग्रह करतात.” — बडोदा

नाही. ती व्यक्ती जातिसुधारणेत, धर्मकार्यात किंवा समाजाच्या राजकारणात असेल आणि तिने स्वतः आपली ओळख तशी सांगितली असेल, तर कामाच्या ओघात येईल तेवढंच. आडनावावरून जात ओळखून लिहिणं हा अंदाज आहे, आणि मराठी आडनावं या बाबतीत भल्याभल्यांना फसवतात. कुलवृत्तांत घरात ठेवा, त्याची जागा तीच.

“जुन्या वाड्यात राहणाऱ्या एका ज्येष्ठ चित्रकारांचा फोटो चढवायचा आहे. फोटोत काय बघायचं?” — स्नेहलतागंज, इंदूर

चेहऱ्याच्या मागे बघा : दारावरची पाटी, गेटवरचा घर नंबर, उभ्या गाडीची नंबर प्लेट, भिंतीवरचं औषधांचं वेळापत्रक, टेबलावरचं वीजबिल. कॅनव्हासच्या मापात कापून घ्या. मग फोटोच्या पोटातली माहिती बघा. मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फाइलमध्ये बसतात आणि विकिपीडियाचे फोटो जिथे ठेवतात त्या विकिमीडिया कॉमन्सवर फोटोखालच्या तक्त्यात सगळ्यांना दिसतात. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला तर ते बहुधा गळून जातं, पण चांगल्या दर्जासाठी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसंच्या तसं येतं, आणि चढवायला आपण नेमकी तीच प्रत वापरतो. फोनच्या गॅलरीत फोटोचा तपशील उघडून स्थान काढून टाका, नवी प्रत जतन करा, पुन्हा उघडून तपासा आणि मगच चढवा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात लाखांची चित्रं आहेत, आणि घर नेमकं इथे आहे, असं आपण नकळत सांगत असतो.

“लिहून झाल्यावर मसुदा घरच्यांना दाखवावा का?” — राजेंद्रनगर, इंदूर (पहिल्या पत्राचाच पुढचा भाग)

दाखवा, पण परवानगीसाठी नाही. तारखा, भूमिका, गावं, शुद्धलेखन तपासायला द्या आणि पंधरा दिवसांची मुदत सांगा. ‘हे काढा’ म्हणाले तर कारण विचारा. पुष्कळदा कारण योग्य असतं, त्या पहिल्या बाई खरोखरच चार गल्ल्या पलीकडे राहत असतात. ‘हे घाला’ म्हणाले तर छापील पुरावा मागा. कारण नसेल तर ओळ ठेवा, पुरावा नसेल तर घालू नका. स्वतः घरच्यांनी पान लिहू नये, चर्चा पानावर सूचना द्याव्यात. आणि गौरव अंकाची मूळ प्रत परत करण्याआधी मुखपृष्ठ, प्रकाशनवर्षाचं पान आणि वापरलेली पानं यांचे पान क्रमांक दिसतील असे फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी कुणी संदर्भावर शंका घेतली, तेव्हा ती प्रत रद्दीत गेलेली असते.